साडेतीन मीटरच्या आत

सकाळचा उजेड आमच्या इमारतीत सरळ येत नाही. समोरच्या पाण्याच्या टाकीला तो आधी वळसा घालतो, मग तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीतून गाळून निघतो, आणि एवढ्या खटाटोपानंतर दमल्यासारखा अंगणातल्या स्कूटरींच्या शेडवर येऊन टेकतो. शेडच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके आहेत. त्यांतून उजेडाचे बारीक दोरे खाली सुटतात. एक कुणाच्या तरी हेल्मेटवर, एक तेलाच्या जुनाट डागावर, एक भिंतीला टेकलेल्या मोडक्या सायकलच्या घंटीवर. घंटी क्षणभर चमकते आणि वाजायचे राहून गेल्यासारखी पुन्हा विझते. हवेत लाकडाचा भुसा तरंगत असला तर हे दोरे अधिकच स्पष्ट दिसतात. त्या दिवशी भुशाला तोटा नव्हता, कारण शेडच्या मधोमध माझे कपाट उभे होते. उजेडाने आधी आठव्या, म्हणजे सर्वांत वरच्या कप्प्याला हात लावला. मग सातव्यात उतरला, सहाव्यात रेंगाळला, आणि एखादा पाहुणा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर निरोप घेतो तसा तळाच्या कप्प्यापर्यंत आला. तोवर माझ्या हातातला चहा गार झाला होता. कुणाकडे इतका वेळ एकटक पाहण्याचे धैर्य मला आयुष्यात कधी झाले नव्हते. कपाटाचे एक बरे असते, ते उलटून पाहत नाही.

“काय लाजाळू, समाधी लागली की डोळा?”

हे खालच्या मजल्यावरचे सर. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यापासून सारी इमारत हाच त्यांचा वर्ग आहे आणि मी त्यातला मागच्या बाकावरचा विद्यार्थी. ‘लाजाळू’ हे नावही त्यांचेच. मी प्रतिकार केला नाही. प्रतिकारासाठी मोठ्याने बोलावे लागते.

“सर, आज न्यायचंय,” मी म्हणालो.

“न्यायचंय, ठीक. पण जाईल का?”

हा प्रश्न अवघी इमारत तीन आठवडे विचारत होती, म्हणून आता प्रकरण सांगतो.

माझ्या ताईने रेल्वेरुळांच्या पलीकडे एक जुने गोदाम घेऊन लहान मुलांसाठी वाचनालय काढले होते. पुस्तके आली, चटया आल्या, दारावर पाटी लागली. पुस्तके ठेवायला मात्र काही नव्हते. जेवताना हा विषय निघाला तेव्हा, “कपाट मी करतो,” असे कुणीतरी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, त्या अर्थी तो मीच असणार.

काकांनी ताटावरची मान वर केली. आमचे काका लोखंडाचे सामान विकतात आणि जगातली कोणतीही अडचण नट-बोल्ट आवळून सुटते असे त्यांचे प्रामाणिक मत आहे. “तू? अरे, तुला बाटलीचं झाकण उघडत नाही. माझ्याकडे लोखंडी मांडण्या पडल्यात. चार पाय, चार फळ्या, अर्ध्या तासाचं काम.”

“करू दे ना त्याला, काका,” ताई म्हणाली.

“करू दे की! मी कुठे अडवतोय? पण उद्घाटन पाच वाजता. पाचला ह्याचं कपाट तिथे नसलं, तर माझ्या मांडण्या लागतील. मी गाडीत घालूनच येतो.”

‘घालूनच येतो’ हे त्यांनी फार प्रेमाने म्हटले. एखाद्याच्या लग्नाला जाताना सुतकाचे कपडेही बरोबर घ्यावेत, तसे ते वाटले.

मी कपाट केले. कचेरीतून आल्यावर रोज केले, सुट्टीच्या दिवशी दिवसभर केले. गोदामाची भिंत उंच आणि ओकीबोकी होती. तिला शोभेल असे कपाट हवे म्हणून ते नऊ फूट उंच झाले. पुस्तकांकडे माणसाने मान वर करून पाहावे, असा माझा त्यामागे एक विचारही होता. खिळा एकही वापरला नाही. फळ्या खाचांत बसवल्या आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. ज्याच्याकडून हत्यारे उसनी आणली होती तो सुतार येऊन कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घालून गेला. “उभं आहे तोवर उभं आहे,” तो म्हणाला. “आडवं केलंत तर सांधे हलतील. मग मला बोलवू नका.”

तेव्हा कपाट टेम्पोतून उभेच न्यायचे, हे ठरले. आणि मधे रेल्वेचा पूल. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर एक लोखंडी कमान, तिच्यावर पिवळी पाटी: कमाल उंची साडेतीन मीटर.

आता कायदा म्हटला की मला आपण आधीच काहीतरी गुन्हा करून बसलो आहोत असे वाटू लागते. म्हणून रीतसर परवानगी घ्यावी या विचाराने मी वाहन कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचे गृहस्थ संत्रे सोलत होते. मी माझा प्रश्न तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तो ऐकू गेला.

“गाडीची उंची की मालाची?” त्यांनी विचारले.

“दोन्ही मिळून, म्हणजे...”

“दोन्ही मिळूनच धरतात. रस्त्यापासून मालाच्या टोकापर्यंत. साडेतीनच्या आत असेल तर परवानगी लागत नाही.”

“आत आहे, असं आम्हाला वाटतं.”

“वाटून भागत नाही. भरलेली गाडी आणून दाखवा, मोजून देतो.”

“म्हणजे कपाट इथे आणायचं?”

“अर्थात.”

“पण तुमचं कार्यालय पुलाच्या पलीकडे आहे.”

त्यांनी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि माझ्याकडे नव्याने पाहिले. “मग पुलाखालून या.”

“पुलाखालून येता येईल का, हेच तर विचारतोय.”

“आलात, तर येता येतं. नाही आलात, तर तुमचं काम इथे नाहीच. पुढचे कोण आहेत?”

या उत्तरात तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मला अजूनही खोट सापडलेली नाही. परतताना पूल मला एखाद्या परीक्षकासारखा दिसला.

राहिला उपाय एकच, स्वतः मोजणे. टेम्पोवाला बाजारात गाठला. तो आपल्या टेम्पोला विमान म्हणतो, त्यामुळे त्याला सगळे पायलट म्हणतात. पायलट पाठीमागे रेलून बिडी ओढत होता. मी टेप लावून टेम्पोच्या तळाची जमिनीपासूनची उंची घेतली, तीत कपाटाची उंची मिळवली, बेरीज तीनदा तपासली. साडेतीन मीटरला दोन बोटे कमी! दोन बोटांत माणसाची अब्रू मावते, हे मला त्या दिवशी कळले. घरी येऊन मी ती बेरीज आईला दाखवली. तिने ती समजल्यासारखे केले आणि म्हणाली, “आता दाढी कर.”

तर तो दिवस उजाडला, उजेड उतरला, सरांनी हाक मारली, आणि दुपारी पायलटचे विमान अंगणात शिरले.

कपाट टेम्पोत चढवताना इमारतीतल्या माणसांचे दोन वर्ग पडले: उचलणारे आणि सांगणारे. दुसऱ्या वर्गात गर्दी होती. “डावीकडून घ्या!” “अहो, त्यांची डावी की आपली?” “आधी पाय वर, मग डोकं!” “ते कपाट आहे हो, आजोबा नाहीत!” शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी कपाटाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या आणि बाळाला टोपरे घातल्याच्या नजरेने पाहिले. दोर आवळले गेले. कपाट टेम्पोत उभे राहिले, आणि ते एवढे मोठे दिसले की मी घाबरून दोन पावले मागे सरलो. शेडमध्ये ते माझे होते. आता ते जगाचे झाले होते.

निघालो. पायलटला मी हळू चालवायला सांगितले होते, ते त्याने मनाला लावून घेतले, आणि टेम्पो माणसाच्या चालीने चालू लागला. त्यामुळे ज्यांना यायचे नव्हते तेही सोबत चालू लागले. पुढे सर, हात पाठीमागे बांधून. काकूंच्या हाती कपडे वाळत घालायची लांब काठी; रस्त्यावर आडव्या गेलेल्या केबलच्या तारा त्या काठीने वर उचलीत आणि कपाट खालून वाकून गेल्यासारखे पुढे सरके. मागे आमच्या मजल्यावरचे सगळे. मी कपाटाच्या बाजूने चालत होतो, एक हात दोरावर. रस्त्यातली माणसे थांबून पाहत. आयुष्यभर मी भिंतीच्या कडेने चाललो. आज रस्त्याच्या मधून चालताना मला भिंतीची फार आठवण झाली.

वळणावरच्या एका बुटक्या गॅलरीखालून जाताना वरून आरडाओरडा ऐकू आला. कपाटाच्या माथ्याने तिथला वाळत घातलेला एक पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा उचलून घेतला होता. “ओ! माझा लेंगा!” गॅलरीतले गृहस्थ ओरडले. “संध्याकाळी आणून देतो!” सर शांतपणे म्हणाले. लेंगा वाऱ्यावर फडफडू लागला, आणि त्या अवस्थेत, निशाण लावलेल्या किल्ल्यासारखे, आम्ही पुलाशी पोचलो.

पायलटने टेम्पो कमानीखाली अलगद घातला. टण्ण, असा आवाज आला.

आवाज मोठा नव्हता. पण मी जे ऐकले ते माझ्या तीन आठवड्यांच्या बेरजेवर कुणीतरी मारलेली फुली होती. कपाटाचा माथा कमानीच्या लोखंडाला टेकला होता. टेम्पो मागे घेऊन पाहिले: चार बोटे जास्त. दोन कमी असायला हवी होती, चार जास्त होती. सहा बोटे कुठून आली?

पाठीमागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. वाहतूक पोलीस आला, त्याने वर पाहिले, आणि बराच वेळ वरच पाहत राहिला.

“हा लेंगा धरून उंची का लेंगा सोडून?”

“सोडून,” मी म्हणालो.

“सोडूनही बसत नाही. मागे घ्या.”

मागे घ्यायला जागा नव्हती. सल्ल्यांना मात्र जागाच जागा होती. “हवा सोडा चाकांची!” मागून कुणीतरी ओरडले. हा सल्ला बहुधा पुलाइतकाच जुना असावा. जो येई तो आपल्यालाच सुचल्यासारखा देई. पायलट भडकला. “हवा सोडू? आणि रिंगवर चालवू? तुमच्या डोक्यातली सोडा आधी!”

सरांनी घसा साफ केला. “माझं ऐक. वरचा एक कप्पा कापून टाक. सात कप्पे काही कमी नाहीत.”

“नाही,” मी म्हणालो.

“अरे, एक कप्पा तर...”

“नाही, सर.”

मी त्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनाही ते नवे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काय सांगू? आठ कप्प्यांचे ते एक वाक्य होते, त्यातला शेवटचा शब्द कसा खोडायचा?

इतक्यात रांगेतून काका चालत आले. त्यांची गाडी आमच्या टेम्पोमागे पाच-सहा गाड्या सोडून अडकली होती. मागच्या सीटवर आणि टपावर लोखंडी मांडण्या रचलेल्या दिसत होत्या. “काय मग, चिरंजीव!” ते एवढेच म्हणाले. त्यांनी आणखी काही म्हणायला हवे होते; मग मला निदान राग तरी आला असता. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. चार वाजून गेले होते. पुलाच्या पलीकडे ताई रिकाम्या भिंतीसमोर उभी असेल, आणि तिने ‘करू दे त्याला’ म्हटल्याचे तिला अजून तरी वाईट वाटत नसेल, एवढीच मला आशा होती.

“वर काय अडकतंय ते नीट बघतो,” असे म्हणत सर टेम्पोच्या मागच्या फळीवर चढले. सर देहाने भारदस्त आहेत. ते चढताच टेम्पोने एक उसासा टाकला, आणि मी, ज्याला भोंग्यांतही डोळे मिटून घेण्यापेक्षा वेगळे काही सुचत नव्हते, नेमका त्या क्षणी वर पाहत होतो. कपाटाच्या माथ्याची रेघ कमानीच्या तुलनेत किंचित खाली आली. सर उतरले, रेघ वर गेली.

“सर, पुन्हा चढा,” मी म्हणालो.

“का रे?”

“चढा ना.”

ते चढले. रेघ खाली आली. आणि मला बाजारातली ती दुपार डोळ्यांसमोर दिसली: पायलट रेलून बिडी ओढत होता, तो कशाला रेलला होता? सिमेंटच्या पोत्यांना! मी मोजला तो टेम्पो पोत्यांनी भरलेला होता, दबलेला होता. आज त्यात माझे पोकळ कपाट तेवढे होते, म्हणून तो अंग झाडून उभा राहिला होता. ती सहा बोटे स्प्रिंगांची होती.

मग मी जे केले त्याची साक्ष द्यायला तो सारा रस्ता आहे. मी टेम्पोच्या चाकावर चढलो आणि ओरडलो, “चढा! सगळे चढा!”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो चांगलाच मोठा होता. भोंगे थांबले.

“कुठे चढा?” काकू म्हणाल्या.

“टेम्पोत! तुम्ही, सर, सगळे! टेम्पो खाली दबला पाहिजे!”

पोलिसाने हात आडवा केला. “थांबा. मालाच्या गाडीत माणसं बसवायला बंदी आहे.”

“साहेब, माल धरायला हमाल लागतात की नाही?” पायलट म्हणाला. “हमाल चालतात.”

पोलिसाने विचार केला. त्याच्यामागे रांग आता दिसेनाशी होईपर्यंत गेली होती. त्याने सरांकडे पाहिले. “तुम्ही हमाल आहात?”

ज्यांच्यासमोर अख्खी शाळा उभी राहत असे ते सर ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक युद्ध सुरू झाले आणि संपले. “आज आहे,” ते म्हणाले आणि दोर धरला.

त्यांच्या मागोमाग बाकीचे हमाल चढले. काकू काठीसकट. तीन आठवडे मी त्या साऱ्यांच्या सल्ल्यांखाली वाकलो होतो. आता टेम्पो वाकत होता. तीन बोटे गेली. एक बोट राहिले. आणखी कुणी उरले नव्हते. होते, काका उरले होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “काका, तुमच्या मांडण्या द्या.”

“कशाला?”

“टेम्पोत ठेवायला. लोखंड आहे. जड आहे.”

“म्हणजे तुझं कपाट पोचवायला माझ्या मांडण्या?” त्यांचा आवाज चिरकला. “अरे, कपाट पोचलं नाही तर लावायला आणल्यात त्या!”

“पण काका, आम्ही इथेच राहिलो तर तुमची गाडी तरी कशी जाणार?”

पोलीस म्हणाला, “ओ लोखंडवाले, चढवता की चलान फाडू?” रांगेतून एकमुखाने आवाज आला, “चढवा!” काका लाल झाले, मग जांभळे झाले, आणि मग, माणूस हरला की त्याला उगाच जे हसू येते, तसे हसले. “घ्या!” ते म्हणाले. मांडण्या खणाखण टेम्पोत पडल्या. त्यांच्यावर स्वतः काका चढून बसले. “माझा माल मी सोडत नाही,” ते म्हणाले, पण स्प्रिंगांनी तो शेवटचा किरकिरा होकार दिला तो त्यांच्या बसण्यानेच.

पायलटने विमान सोडले. कुणी श्वास घेत नव्हते. घेतला असता तर हलके झालो असतो अशी भीती होती. कपाटाचा माथा कमानीखाली शिरला. खरर्, असा आवाज झाला, आणि कमानीने अलगद लेंगा काढून घेतला. तो तिथे, साडेतीन मीटरच्या कायदेशीर उंचीवर, लटकत राहिला. कपाट पलीकडे निघाले!

असा जल्लोष मी माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, पण तो आता शिव्यांचा सूर नव्हता. पोलिसाने टोपी काढून घाम पुसला. मी तो सलाम समजलो आणि परत सलाम केला. सर ओरडत होते, “शाब्बास, लाजाळू!” माझा हात अजून वरच होता आणि मला तो खाली घ्यावासा वाटत नव्हता.

गोदामाच्या दाराशी ताई उभी होती. तिने टेम्पोकडे, काठी घेतलेल्या काकूंकडे, लोखंडाच्या ढिगावर बसलेल्या काकांकडे पाहिले आणि ती दारातून बाजूला झाली. हमालांनी कपाट उतरवले, भिंतीला लावले. एकही सांधा हलला नव्हता. भिंत भरली, जणू त्या जागेला इतके दिवस जे आठवत नव्हते ते आठवले. काकांनी एक खुंटी अंगठ्याने दाबून पाहिली, पुन्हा दाबली. “बसलीय हो घट्ट,” ते पुटपुटले. त्यांच्याकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र या घराण्यात कुणाला मिळालेले नाही.

मी स्टुलावर चढलो आणि ताई खालून पुस्तके देऊ लागली. चित्रांची, रंगीत पाठींची सगळी सुंदर पुस्तके मी वरच्या कप्प्यांत लावली, दारातून आत येताच दिसावीत म्हणून. प्राण्यांची सातव्यात, जहाजांची आठव्यात. एक पुस्तक देताना ताईचा हात जरा थांबला. ती काहीतरी म्हणणार होती. मी आनंदात होतो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुस्तक दिले.

पाच वाजले. दार उघडले आणि मुले आत आली. ती धावत कपाटाकडे गेली, आणि मी उद्घाटनाचा सारा अर्थ त्या धावण्यात पाहिला. त्यांनी खरोखर मान वर केल्या. मग हात वर केले. टाचा उंचावल्या. एकीने उडी मारली. “दादा, जहाजाचं कसं काढायचं?” तिने मला विचारले.

सर खिडकीकडे पाहू लागले. काकांनी खोकला दाबला. तीन आठवडे साऱ्या इमारतीने, कार्यालयाने, पोलिसाने आणि मी या कपाटाची उंची मोजली होती, पण टेप घेऊन मी एकदाही मुलांच्या बाजूने उभा राहिलो नव्हतो. किंवा राहिलो होतो, शेडमध्ये, एकटा असताना, आणि झटकन दुसरीकडे पाहिले होते.

मुलांचे हात चौथ्या कप्प्यापर्यंतच पोचत होते.